लक्सर ते देंदेरा: देवळाचं छत वाचून दाखवणारी एक दिवसाची सहल

इजिप्तमधल्या लक्सरहून देंदेराचं हाथोर देवीचं देऊळ बघायला जाणार असाल तर अ‍ॅबिडोस जोडलेलं पॅकेज घेऊ नका, हे सगळ्यात आधी सांगते. दोन्ही देवळं लक्सरच्या उत्तरेला, म्हणून बहुतेक एजन्सी ती एकाच दिवसात बसवतात. देंदेरा साठेक किलोमीटरवर आहे, अ‍ॅबिडोस मात्र दीडशेच्या पुढे. दोन्ही करायचं म्हटलं की देंदेराच्या वाट्याला जेमतेम तास-सव्वा तास येतो. तेवढ्यात खांब बघून होतात, मागच्या भिंतीवरच्या क्लिओपात्रासोबत फोटो होतो, आणि ज्याच्यासाठी एवढ्या लांब यायचं त्या छताकडे एकदा मान वर करून लोक पुन्हा गाडीत बसतात.

मी आणि माझी मोठी बहीण, आम्ही फक्त देंदेराचीच पूर्ण दिवसाची सहल घेतली होती. लक्सरच्या पूर्व काठावरची एक छोटी एजन्सी, वातानुकूलित गाडी, चालक आणि इजिप्तविद्येची पदवी असलेला परवानाधारक गाइड. मी हौशी आकाशनिरीक्षक आहे. बुकिंग करताना मी एकच अट घातली होती: देवळाच्या छतावर जे आकाश कोरलंय ते पट्टी-पट्टीने वाचून दाखवणारा माणूस हवा, बाकी काही कमी-जास्त झालं तरी चालेल. म्हणून हा रिव्ह्यूही मी त्याच अटीवर लिहितेय. ती अट त्यांनी पुरेपूर पाळली.

गाइड साठीच्या आसपासचे, जवळच्याच केना शहरातले. चालकापासून तिकीट खिडकीवरच्या माणसापर्यंत सगळे त्यांना ‘उस्ताज’ म्हणत होते, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. त्यांची पद्धत मला फार आवडली. पोलिसांच्या चौक्यांवर गाडी थांबत थांबत जाते, रस्त्याला सहज सव्वा-दीड तास लागतो. तेवढ्या वेळात त्यांनी ग्रीक राजवटीची चौकट उभी केली आणि देवळात पाऊल टाकल्यावर पुन्हा तारखांचा पाढा म्हटला नाही.

चौकट थोडक्यात अशी. इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने इराण्यांकडून इजिप्त घेतला, पुढच्या वर्षी समुद्रकाठी आपल्या नावाचं शहर वसवलं आणि निघून गेला. इ.स.पू. ३२३ मध्ये तो बॅबिलोनला वारला. त्याचा सरदार टॉलेमी आधी सुभेदार म्हणून इजिप्तमध्ये आला आणि इ.स.पू. ३०५ मध्ये स्वतःच राजा झाला. त्याच्या घराण्याने इ.स.पू. ३० पर्यंत, सातव्या क्लिओपात्राच्या मृत्यूपर्यंत राज्य केलं. म्हणजे पावणेतीनशे वर्षं. दरबार ग्रीक, कारभाराची भाषा ग्रीक, वरचे अधिकारी ग्रीक. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की या घराण्यात इजिप्तची भाषा शिकलेली पहिली व्यक्ती म्हणजे ही शेवटची राणीच. पण देवळाच्या भिंतींवर हेच राजे फॅरोच्या, म्हणजे इजिप्तच्या जुन्या राजांच्या वेषात, दुहेरी मुकुट घालून, हाथोर आणि होरस या देवांपुढे नैवेद्य घेऊन उभे आहेत.

इथे उस्ताजांनी एक गोष्ट ठासून सांगितली, जी मी इतर गाइडांच्या तोंडून ऐकली नव्हती. हे राज्य सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केलं नव्हतं. इ.स.पू. २०६ ते १८६ अशी वीस वर्षं दक्षिण इजिप्तच्या मोठ्या भागात बंड होतं, होरवेन्नेफर आणि नंतर अंखवेन्नेफर असे इथल्याच मातीतले दोन फॅरो लोकांनी गादीवर बसवले होते. एदफूच्या होरस मंदिराचं बांधकाम त्या काळात बंद पडलं. ते देऊळ इ.स.पू. २३७ मध्ये तिसऱ्या टॉलेमीने सुरू केलं आणि इ.स.पू. ५७ मध्ये पुरं झालं. एकशे ऐंशी वर्षं. रोझेटा शिलेवरचा इ.स.पू. १९६ चा ठराव याच बंडाच्या दिवसांतला. त्यात पाचव्या टॉलेमीने पुजाऱ्यांना दिलेल्या सवलतींची यादी आहे, आणि ती बंडाच्या पार्श्वभूमीवर वाचली की राजाला देवळांची किती गरज होती ते कळतं. करही माफ, थकबाकीही माफ. देवळं हातात ठेवल्याशिवाय नाईलचं खोरं हातात राहत नव्हतं.

आणि देवळांच्या हातात काय होतं, तर आकाश. दिनदर्शिका, सणांच्या तारखा, रात्रीचे तास, व्याध तारा पहाटे पहिल्यांदा कधी दिसणार याचा हिशेब, हे सगळं पुजाऱ्यांकडे. माझ्या मते ग्रीक काळातला इजिप्त समजून घ्यायला याहून चांगली वाट नाही.

देंदेराला पोचल्यावर त्यांनी आम्हाला आधी सरळ मागच्या बाजूला नेलं, दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीपाशी. सकाळी तिथे गर्दी नसते. क्लिओपात्रा आणि तिचा सीझरपासून झालेला मुलगा सीझेरियन, दोघंही देवांना अर्पण करताना कोरलेत. चेहरे ठरीव साच्याचे आहेत. ही क्लिओपात्रा दिसायला कशी होती हे इथे कळणार नाही, तिला आपल्या प्रजेपुढे कशी दिसायचं होतं ते कळतं. मग आत नेऊन त्यांनी एक गोष्ट दाखवली जी मी एकटी असते तर माझ्या नजरेतून निसटली असती. गाभाऱ्याच्या बाजूच्या खोल्यांमध्ये राजाची आकृती आहे, त्याच्या डोक्याशी नावाच्या लांबट चौकटी आहेत, आणि त्या चौकटी रिकाम्या आहेत. आत नावच कोरलेलं नाही. या देवळाचं काम इ.स.पू. ५४ मध्ये बाराव्या टॉलेमीच्या काळात सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत गादीवर माणसं इतक्या वेगाने बदलली, की कोणाचं नाव घालायचं याची पुजाऱ्यांना खात्री नसावी, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. बोटाने दाखवण्याच्या अंतरावर एकामागून एक कोऱ्या चौकटी. राजा कोणी का असेना, पूजेचा क्रम पूर्ण कोरलेला आहे. मी बराच वेळ त्याच भिंतीपाशी होते.

आता छत. पुढचा मोठा सभामंडप रोमन काळातला, सम्राट टायबेरियसच्या वेळचा, पण रचना आणि विद्या टॉलेमींच्या काळातून आलेली. चोवीस खांब, प्रत्येकाच्या माथ्यावर हाथोरचे चेहरे, त्यातले बरेचसे नंतरच्या काळात छिन्नीने फोडलेले. लोक शतकानुशतकं या देवळात राहिले, चुली पेटवल्या, आणि छत काजळीने काळंठिक्कर झालं होतं. अलीकडच्या काही वर्षांत ते साफ केलं. आता वरचा निळा इतका स्वच्छ आहे की दुर्बिणीतून पाहिलं तर देवतांच्या कपड्यांवरच्या रेघासुद्धा दिसतात. दुर्बीण जरूर घेऊन जा. आठ बाय बेचाळीसची असली तरी भरपूर झाली.

छताच्या सात लांब पट्ट्या आहेत. मधल्या पट्टीत गिधाडं आणि पंखांची सूर्यबिंबं, तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पट्ट्या आकाशाच्या. उस्ताजांनी आम्हाला क्रम लावून दिला: आधी सगळ्यात बाहेरच्या दोन पट्ट्या बघा. दोन्हींत नूत ही आकाशदेवता लांबच्या लांब ताणलेली आहे. ती संध्याकाळी सूर्याला गिळते, रात्रभर तो तिच्या शरीरातून प्रवास करतो आणि पहाटे जन्म घेतो. एका टोकाला नव्याने जन्मलेल्या सूर्याचे किरण खाली हाथोरच्या मस्तकावर पडताना दाखवलेत. हे झालं जुनं, अस्सल इजिप्तचं. तिच्या अंगाच्या कडेने होड्यांतून चाललेल्या देवता आहेत. त्या म्हणजे छत्तीस तारकागट, ज्यांच्या उगवण्यावरून इजिप्तचे लोक रात्रीचे तास मोजत. दर दहा दिवसांनी पहाटेचा मानकरी तारा बदलायचा. छत्तीस गुणिले दहा म्हणजे तीनशे साठ, आणि वर्षाअखेर पाच दिवस वेगळे. हे गणित ग्रीक यायच्या दीड-दोन हजार वर्षं आधीचं आहे.

आणि त्याच पट्ट्यांत, त्याच होड्यांच्या जोडीला, मेष, वृषभ, मिथुन, कर्क. सहा राशी एका बाजूला आणि सहा दुसऱ्या बाजूला. आपल्याला हे इतकं ओळखीचं असतं की ते इथे परकं आहे हे जाणवतच नाही. बारा राशी इजिप्तच्या नाहीत. त्या बॅबिलोनमध्ये इ.स.पू. पाचव्या शतकात आकाराला आल्या आणि ग्रीकांच्या राज्यात नाईलकाठी पोचल्या. लक्सरला सहाव्या रामसेसच्या थडग्याचं छत बघून आलात तर फरक लगेच पटेल. तिथेही नूत आहे, दुहेरी, डोळ्यांचं पारणं फेडणारी, पण राशी शोधून सापडणार नाहीत, कारण ते छत देंदेराच्या हजारेक वर्षं आधीचं. शक्य असेल तर आदल्या दिवशी ते थडगं बघून घ्या. त्याच्या भिंतींवर ग्रीक आणि लॅटिनमध्ये खरवडलेली पुरातन पर्यटकांची नावंही आहेत.

उस्ताजांचं सांगणं असं, की या छतावर पाहुणे कोण आणि यजमान कोण हे ओळखत चला. मकर बघा: पुढचं अंग बोकडाचं, मागचं माशाचं. हे बॅबिलोनचं जनावर जसंच्या तसं आलंय. धनू बघा: पंख असलेला, दोन तोंडांचा घोडामाणूस, हासुद्धा तिकडचाच. पण कुंभ? तो झालाय नाईलच्या पुराचा देव, दोन घड्यांतून पाणी ओतणारा. मिथुन ही ग्रीकांकडे दोन जुळ्या भावांची जोडी, इथे हात हातात घेतलेले स्त्री-पुरुष, शू आणि तेफनूत. आपल्याकडेही मिथुन म्हणजे स्त्री-पुरुषच, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी वही काढून टिपून घेतलं. गाइड म्हणून या माणसाबद्दल माझं मत जर कशाने पक्कं झालं असेल तर त्या वहीने.

आणखी एका पट्टीतली गोष्ट खास थांबून बघण्यासारखी आहे. चौदा पायऱ्यांचा जिना, प्रत्येक पायरीवर एक देवता, आणि वरच्या टोकाला तबकडीत होरसचा डोळा. हा डोळा म्हणजे चंद्र. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत रोज एक देवता पायरी चढते आणि चंद्र भरत जातो. शुक्ल पक्ष इतक्या सोप्या रीतीने मी कुठेच चितारलेला पाहिलेला नाही. लहान मुलांना घेऊन गेलात तर सुरुवात इथून करा. त्यांना या पायऱ्या मोजायला सांगितल्या की पुढचं छत ती आपण होऊन बघतात.

गच्चीवर जाणारा जिना रुंद आणि कमी उंचीच्या पायऱ्यांचा आहे, दोन्ही भिंतींवर मिरवणुकीने वर चढणारे पुजारी कोरलेत. नववर्षाच्या दिवशी हाथोरची मूर्ती याच वाटेने वर नेत, सूर्यकिरणांचा स्पर्श व्हावा म्हणून. पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झाल्यात आणि आत उजेड कमी. माझ्या बहिणीचे गुडघे दुखतात. भिंतीचा आधार घेत, थांबत थांबत ती वर आली, पण व्हीलचेअर किंवा काठी लागणाऱ्यांना वरचा भाग जमणार नाही. एजन्सीने हे बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगितलं होतं, त्याबद्दल त्यांना गुण.

वर ओसायरिस देवाच्या छोट्या खोल्या आहेत. त्यातल्या एकीच्या छतावर ते प्रसिद्ध गोल राशिचक्र. जे दिसतं ती नक्कल आहे, आणि उस्ताजांनी खोलीत शिरायच्या आधीच ते सांगितलं. मूळ दगड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. १७९९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याबरोबर आलेल्या देनों या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, ते युरोपात पसरलं, आणि १८२१ मध्ये लेलोरें नावाच्या फ्रेंच माणसाने करवती, छिन्न्या आणि सुरुंगाची दारू वापरून छताचा तो भाग कापून नेला. अठराव्या लुईने त्यासाठी दीड लाख फ्रँक मोजले. हे सांगताना उस्ताजांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी टॉर्चचा झोत नकलेच्या कडेवर धरला आणि जोड कुठे आहे तो दाखवला. मला वाईट वाटलं आणि रागही आला. ज्या खोलीसाठी ते आकाश कोरलं त्या खोलीत ते आज नाही.

तरी नक्कल बघा, कारण मांडणी कळते. मधोमध उत्तरेचे तारे: बैलाची मांडी म्हणजे सप्तर्षी, शेजारी उभी पाणघोडी, आणि कोल्हा. ही तिन्ही इजिप्तची जुनी चित्रं. त्यांच्याभोवती बारा राशी. सगळ्यात बाहेर कडेला छत्तीस तारकागटांची रांग. चार उभ्या देवी आणि बहिरी ससाण्याच्या तोंडाच्या आठ गुडघे टेकलेल्या आकृत्यांनी सगळं आकाश हातांवर तोलून धरलंय. व्याध म्हणजे होडीत बसलेली गाय, शिंगांमध्ये तारा. मृग म्हणजे दंड घेतलेला पुरुष. बाहेरून आलेल्या बारा राशींना जागा मिळाली ती जुन्या केंद्राच्या आणि जुन्या कडेच्या मधे, आणि मालकी पुजाऱ्यांकडेच राहिली. राज्य ग्रीकांचं होतं, पण या वर्तुळात ग्रीक अक्षर एकही नाही.

यात पाच ग्रहही आहेत. मंगळ मकरेच्या पाठीवर उभा आहे. आपल्याकडे पत्रिका पाहणाऱ्या कोणालाही हे वाचून चमकायला होईल, कारण मकर ही मंगळाची उच्च राशी. अभ्यासकांमध्ये यावर दोन मतं आहेत. काही म्हणतात ग्रह त्यांच्या उच्च राशींना धरून मांडलेत. काही फ्रेंच अभ्यासकांनी मात्र ग्रहांच्या जागा प्रत्यक्ष आकाशाशी ताडून हे चक्र इ.स.पू. ५० च्या सुमाराचं ठरवलं, आणि मीन राशीजवळच्या एका बिंबात देवी एका जनावराला धरून उभी आहे ते इ.स.पू. ५१ च्या ७ मार्चचं सूर्यग्रहण मानलं. उस्ताजांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि आपला कल दुसऱ्या मताकडे असल्याचं सांगितलं. मला स्वतःला पहिलं मत जास्त पटतं, पण कुठलं मत कोणाचं हे वेगळं ठेवून सांगणारा गाइड मिळणं ही मोठी गोष्ट. एजन्सीच्या छापील पत्रकात याच चक्राला ‘हजारो वर्षं जुना ताऱ्यांचा नकाशा’ म्हटलंय. हे चक्र देवळाहून कितीतरी हजार वर्षं जुनं आहे, असे दावे एकोणिसाव्या शतकात युरोपात खूप झाले होते, आता ते कोणी जाणकार मानत नाही. पत्रक बदला, असं मी त्यांना लेखी कळवलंय.

दुपारी बाराच्या जरा आधी त्यांनी आम्हाला अंगणात एका सपाट फरशीवर नेलं आणि पिशवीतून हातभर लांबीची सरळ छडी काढली. बुडाला लाकडी बैठक, बाजूला ओळंब्याची दोरी. जानेवारीचा मध्य होता. सावली सगळ्यात आखूड झाली तेव्हा खडूने खूण केली: छडीपेक्षा दोन बोटं जास्त. मग म्हणाले, हीच छडी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अस्वानला नेली तर दुपारी सावली जवळजवळ नाहीशी होते. एराटोस्थेनिसने पृथ्वीचा घेर मोजायला वापरली ती हीच गोष्ट. तो मूळचा सायरीनचा, तिसऱ्या टॉलेमीच्या काळात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख. अस्वानला सावली नाही त्या क्षणी अलेक्झांड्रियात ती पूर्ण वर्तुळाच्या एक-पन्नासांश कोनाची पडते, दोन गावांतलं अंतर पाच हजार स्टेडिया (हे ग्रीकांचं लांबीचं माप), म्हणून पृथ्वीचा घेर अडीच लाख स्टेडिया. स्टेडिया किती लांबीचा धरायचा यावर वाद आहे, पण रीत बिनचूक आहे.

ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. उस्ताजांनी तिच्यात जी भर घातली ती महत्त्वाची होती. पाच हजार हा आकडा आला कुठून? दर वर्षी पूर ओसरल्यावर शेतांच्या हद्दी पुन्हा मोजायच्या आणि त्यावर सारा बसवायचा, ही इथली हजारो वर्षांची सवय. टॉलेमींनी ती यंत्रणा आपल्या वसुलीसाठी आणखी घट्ट केली. अंतरं मोजलेली होती म्हणून कोनाचा उपयोग झाला. अलेक्झांड्रियातल्या माणसाची बुद्धी आणि नाईलकाठच्या मोजणीदारांचे पाय, दोन्ही त्या अडीच लाखांत आहेत. मोजणीदारांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

इजिप्तच्या निरीक्षकाचं एक नाव मात्र उरलंय आणि ते त्यांनी आम्हाला पाठच करायला लावलं: हारखेबी. टॉलेमींच्या काळातला हा ज्योतिषी. त्याच्या पुतळ्यावर त्याची कामं कोरलेली आहेत: ताऱ्यांचं माथ्यावर येणं पाहणं, व्याधाचा उदय सांगणं, शुक्रावर नजर ठेवणं, दिवस-रात्रीचे तास न चुकता विभागणं. शिवाय विंचू-सापांवरचा उतारा जाणणं. अलेक्झांड्रियात टिमोखारिससारखे ग्रीक लोक ताऱ्यांच्या जागा अंशांत मोजत होते, आणि पुढे त्याच्याच नोंदींशी आपली चित्रा ताऱ्याची नोंद ताडून हिपार्कस या ग्रीक खगोलवेत्त्याला अयनचलन, म्हणजे ताऱ्यांच्या तुलनेत संपातबिंदूंचं हळूहळू सरकणं, सापडलं. दोन्ही परंपरा एकाच राज्यात, एकाच नदीच्या काठी. आपल्याला पुस्तकांतून फक्त अलेक्झांड्रिया शिकवतात. या सहलीचं खरं मोल मला हेच वाटलं, की दुसरी बाजू तिच्या स्वतःच्या जागी उभं राहून ऐकायला मिळते.

जेवताना दिनदर्शिकेवर बोलणं झालं. तीनशे पासष्ट दिवसांचं वर्ष दर चार वर्षांनी एक दिवस मागे पडतं. इ.स.पू. २३८ मध्ये कॅनोपसला जमलेल्या पुजाऱ्यांनी तिसऱ्या टॉलेमीच्या सन्मानार्थ ठराव केला की दर चार वर्षांनी एक दिवस वाढवायचा, म्हणजे हिवाळ्यातले सण उन्हाळ्यात सरकणार नाहीत. ठराव तीन लिप्यांत दगडावर कोरला. आणि कोणी पाळला नाही. लीप वर्ष इजिप्तमध्ये खरं लागू झालं ते ऑगस्टसने, रोमन आल्यावर. गंमत म्हणजे खगोलवेत्त्यांना जुनं, न बदलणारं तीनशे पासष्टचंच वर्ष सोयीचं वाटत राहिलं, कारण दोन घटनांमधले दिवस मोजायला ते सरळ. दुसऱ्या शतकातल्या क्लॉडियस टॉलेमीने आपली कोष्टकं त्याच वर्षावर बांधली. (हा टॉलेमी राजघराण्यातला नव्हे. रोमन काळातला अलेक्झांड्रियाचा विद्वान. उस्ताजांनी हे दोनदा सांगितलं, कारण बहुतेक पर्यटक इथे गोंधळतात.)

वारांचा क्रमही त्यांनी टेबलावर लिहून दाखवला. दिवसाचे चोवीस तास इजिप्तचे. ग्रहांचा क्रम ग्रीक खगोलातला, संथ ते जलद: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. प्रत्येक तासाला एक ग्रह द्या. शनीपासून सुरुवात केली की बाविसावा तास पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा, आणि दुसऱ्या दिवसाचा पहिला तास रवीचा. शनिवारनंतर रविवार. असंच पुढे चालवलं की सोमवार, मंगळवार ओळीने येतात. माझ्या बहिणीने कागद ओढून घेतला आणि शुक्रवारपर्यंत स्वतः करून पाहिलं.

आता उणिवा. जेवण फार उशिरा झालं, तीन वाजून गेले होते, आणि मधुमेह असलेल्यांना हे चालणार नाही. सोबत काही खायचं ठेवाच. सभामंडपात मान वर करून उभं राहायला लागतं. एजन्सीने घडीची दोन स्टुलं जरी गाडीत ठेवली तरी फार फरक पडेल. उस्ताजांचं इंग्रजी स्पष्ट आहे पण बोलणं सलग, म्हणून प्रश्न असेल तर मधेच थांबवा, त्यांना राग येत नाही. आणि देवळाखालचे कोरीव भुयारी कप्पे आम्ही घाईत उरकले, तिथे जास्त वेळ द्यायला हवा होता. वाटेत पपायरसचं किंवा अत्तराचं दुकान दाखवणार नाही, असं एजन्सीने कबूल केलं होतं. गाडी कुठल्याही दुकानापाशी थांबली नाही.

काही कामाच्या गोष्टी. तिकिटासाठी कार्ड जवळ ठेवा. रोख घेतीलच असं नाही. सुट्टे इजिप्शियन पाउंड मात्र हवेतच, स्वच्छतागृहापासून गच्चीवरच्या रखवालदारापर्यंत बक्षीस द्यावं लागतं. मोबाइलने फोटो काढता येतात, ट्रायपॉड नेऊ नका. गच्ची उघडी आहे का ते आदल्या संध्याकाळी एजन्सीकडून विचारून घ्या, आणि सकाळी साडेसहाच्या आत लक्सर सोडा. अकराच्या सुमाराला क्रूझवाल्यांच्या बसेस येतात आणि मग मंडपात एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही. तोवर तुमचं छत वाचून झालेलं असलं पाहिजे.

ज्यांना एका दिवसात जास्तीत जास्त देवळं बघायची आहेत त्यांनी ही सहल घेऊ नये, त्यांना ती लांबलेली वाटेल. ज्यांना रात्रीचं आकाश थोडंफार ओळखता येतं, किंवा पंचांग उघडून बघायची सवय आहे, त्यांनी जरूर घ्यावी. दुसऱ्या दिवसासाठी दक्षिणेला एस्ना ठेवा: तिथल्या ख्नूम देवाच्या मंडपाचं छतही आता साफ झालंय आणि राशींचे रंग पुन्हा दिसतात. उस्ताज एस्नालाही येतात, पण बुकिंग करतानाच तसं सांगावं लागतं.